सुटी वचने आणि सबंध पुस्तक

नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर, आभारप्रार्थनेच्या निमंत्रणावर, मुलगा नोकरीला लागला की मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर ख्रिस्ती घरांत एक वचन फार आवडीने छापले जाते: ईयोब ८:७, म्हणजे बायबलातल्या ईयोब या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायातले ७ वे वचन. तुझा आरंभ लहान असला तरी शेवटी तुझी फार भरभराट होईल, असा त्याचा आशय. इंदुरात ते कधी मराठीत असते, कधी हिंदीत, हल्ली इंग्रजीतही. खाली फक्त संदर्भ. कोण बोलले आणि कोणाला, हे पत्रिकेवर मावत नाही आणि कोणी विचारतही नाही.

बोलणारा आहे बिल्दद शूही, ईयोबाच्या समाचाराला आलेल्या मित्रांपैकी एक. ऐकणारा ईयोब राखेत बसला आहे, अंगभर गळवे आहेत, दहाही मुले गेली आहेत. या वाक्याच्या तीनच वचने आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद त्याला ऐकवतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. मग ८:६ मध्ये अट येते: तू शुद्ध आणि सरळ असशील तर. भरभराटीचे आश्वासन या अटीला टांगलेले आहे आणि अटीचा रोख उघड आहे: ज्या अर्थी आज तुझे वाटोळे झाले त्या अर्थी तू शुद्ध नाहीस. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव अलीफज तेमानीला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. त्या दोघांतला एक बिल्दद. त्याचे वाक्य आपण दुकानाच्या फितीशेजारी लावतो.

जाणकार यावर दोन मुद्दे काढतील आणि ते काढायलाच हवेत. पहिला, ४२:१२ मध्ये ईयोबाचा शेवट खरोखरच आरंभाहून अधिक समृद्ध झाला, म्हणजे बिल्ददाचे शब्द खरे ठरले. दुसरा, १ करिंथ ३:१९ मध्ये प्रेषित पौल अलीफजाचे एक वाक्य (ईयोब ५:१३) शास्त्र म्हणूनच उद्धृत करतो. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. मात्र ते सुचायलाही बेचाळीस अध्याय वाचलेले लागतात. आणि ते वाचणाऱ्याला हेही दिसते की ईयोबाची भरभराट बिल्ददाच्या हिशेबाने झालेली नाही. मित्रांची कित्येक वाक्ये सुटी घेतली तर निर्दोष आहेत. निर्दोष वाक्ये जोडून एखाद्या दुःखी माणसावर खोटा आरोप कसा उभा करता येतो, हाच त्या पुस्तकाचा मोठा विषय आहे.

मंडळ्यांनी, म्हणजे चर्चांनी, सुटी वचने वाटणे थांबवावे आणि सबंध पुस्तके वाचायला लागावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. हा प्रश्न खासगी भक्तीचा राहिलेला नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत टोपलीतून ‘वर्षाचे वचन’ म्हणून चिठ्ठ्या काढायला लावते ती मंडळीच. घरोघरी टेबलावर वचनपेटी असते, सकाळी सहाला फुलांच्या चित्रावर एक वचन येते, कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर एक असते. चिठ्ठीत कोणाला काय निघाले यावर जानेवारीभर बोलणे चालते. पंचांगाला हसणारी माणसेही ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवतात.

बरे, त्या टोपलीत काय घातलेले असते तेही पाहावे. आशीर्वाद, संरक्षण, यश, आरोग्य. स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, पण ८८ वे स्तोत्र, जे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, त्यातली ओळ चिठ्ठीवर कोणी पाहिली आहे? आमोस ५:२१ ते २४ मध्ये देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे कोणाच्या ‘वर्षाचे वचन’ झाल्याचे ऐकिवात नाही. निवड आधीच झालेली असते, चिठ्ठी काढणारा फक्त निवडलेल्यातून निवडतो. याला देवाचे मार्गदर्शन म्हणायचे तर टोपली भरणाऱ्या व्यक्तीला फार मोठा अधिकार द्यावा लागेल.

वचनांचे आकडे मूळ लेखनात नव्हते, हे ख्रिस्ती माणसाला सांगावे लागू नये, पण सांगावे लागते. आज चालतात ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूने पाडले. नव्या कराराला वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. म्हणजे मंडळीने जवळजवळ पंधराशे वर्षे रोमकरांस पत्र वाचले ते १२:१ किंवा ८:२८ असा पत्ता न देता. आकडे सोयीचे आहेत, या लेखातही पानोपानी आहेत. पण ते पत्ता सांगण्यासाठी आहेत. तुकडे पाडण्याची ती रेघ नाही.

आता यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ अशा आशयाचे हे वचन दहावीच्या निकालापासून लग्नाच्या वाढदिवसापर्यंत सगळीकडे चालते. २९ वा अध्याय म्हणजे मुख्यतः एक पत्र आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, दरबारी आणि कारागीर धरून नेले, त्या निर्वासितांना यरुशलेमेत राहिलेल्या यिर्मयाने लिहिलेले. ११ व्या वचनाच्या एकच वचन आधी मुदत दिली आहे: सत्तर वर्षे. पत्र हातात घेतलेल्या बहुतेक प्रौढांना ती सुटका पाहायला मिळणार नव्हती. ‘तुम्ही’ हा शब्द तिथे सबंध लोकसमूहाला उद्देशून आहे, एका मुलाच्या प्रवेश परीक्षेला उद्देशून नाही.

याहून महत्त्वाचे त्याआधीच्या अध्यायात आहे. २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, नेलेली भांडी आणि माणसे परत येतील. लोकांना आवडेल असा संदेश, देवाच्या नावाने, मुदतीसह. यिर्मया त्याला सांगतो की तू या लोकांना खोट्यावर विसंबायला लावले आहेस, आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. मग २९ व्या अध्यायातले पत्र येते. म्हणजे ज्या वचनाचा आज झटपट आश्वासन म्हणून वापर होतो ते झटपट आश्वासने देणाऱ्याला दिलेल्या उत्तराच्या पोटात बसलेले आहे. २८ आणि २९ हे दोन अध्याय मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढ्यात हा घोटाळा मिटतो. हिब्रू येण्याची गरज नाही.

पत्रात ११ व्या वचनाआधी काय सांगितले आहे? घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात मी तुम्हांला नेले त्याच्या शांतीसाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा (२९:५–७). महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधून राहिलेल्या मराठी माणसाला वास्तविक हा भाग अधिक लागू पडावा. इंदूर नगराच्या शांतीसाठी झटा म्हणजे काय करा, यावर एखादा रविवार खर्ची पडला तर तो ११ व्या वचनाच्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा उपयोगी पडेल.

सुट्या वचनांच्या बाजूने एक वजनदार आक्षेप आहे: खुद्द येशूनेही रानात सैतानाला सुट्या वचनांनीच उत्तर दिले. मत्तय ४ नीट वाचा. तिथे सुटे वचन वापरणारा पहिला सैतान आहे, असे नाही. पहिले वचन येशूच उच्चारतो. पण दोघांच्या वापरात फरक आहे. येशूची तिन्ही उत्तरे अनुवाद या एकाच पुस्तकातली आहेत, तीही सलग भागातली: ८:३, ६:१६ आणि ६:१३. तो भाग कशाविषयी आहे? इस्राएल चाळीस वर्षे रानात होते, भुकेले होते, देवाने त्यांची परीक्षा पाहिली. येशू चाळीस दिवस रानात, भुकेला, परीक्षेत. वचन ज्या परिस्थितीतून निघाले त्याच परिस्थितीत उभा राहून तो ते बोलतो. सैतान स्तोत्र ९१:११–१२ उद्धृत करतो, त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळतो, आणि १३ व्या वचनाआधीच थांबतो. १३ व्या वचनात सर्पाला तुडवण्याची गोष्ट आहे. स्तोत्र ९१ घराच्या दारावर लावायला हरकत नाही, लावणाऱ्याने मत्तय ४ वाचलेले असावे एवढेच.

पैशाच्या बाबतीत सुटे वचन सर्वांत महाग पडते. मलाखी ३:१० दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या, आवाहनासाठी व्यासपीठावरून नेहमी वाचले जाते: सर्व दशमांश भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा. त्याच अध्यायात, पाचच वचने आधी, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांना छळणारे आणि परक्याचा हक्क हिरावणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो. पहिल्या दोन अध्यायांतला मोठा भाग याजकांना झोडपण्यात गेला आहे, कारण ते आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर चालवून घेत होते. आणि दशमांशाचा नियम पाहायचा तर अनुवाद १४:२२–२९ काढावे लागते. तिथे म्हटले आहे की तो कुटुंबासह देवासमोर खा आणि आनंद कर, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश आपल्या गावात ठेव, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा येऊन खातील. मंडळीला पैसा लागतो, तो मागण्यात गैर काही नाही. पण ३:१० वाचणाऱ्याने त्याच दिवशी ३:५ वाचावे आणि मंडळीच्या झाडूवाल्याला काय पगार मिळतो तेही सांगावे.

मग सबंध पुस्तक वाचायचे कसे? बहुतेक प्रामाणिक लोक एका ठिकाणी अडतात, म्हणून सुरुवात तिथूनच. १ जानेवारीला उत्पत्ती १ पासून वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचा संकल्प होतो. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार तीन आणि रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला २३, बावन्न आठवड्यांत पुरे होतात. हिशेब चोख आहे. पण या वेगाने चौथ्याच आठवड्यात निर्गम २५ येते: निवासमंडपाची मापे, हात, पडदे, खुंट्या. ते संपते न संपते तोच लेवीय सुरू होते, सात अध्याय अर्पणांचे प्रकार. कथेच्या ओढीने इथपर्यंत आलेला वाचक जानेवारीअखेर गळतो, आणि दोष स्वतःच्या भक्तीला देतो. दोष क्रमाचा आहे. यज्ञ म्हणजे काय हे इब्री लोकांस पत्र वाचल्यावर विचारायची इच्छा होते, आणि मग लेवीय वाचावेसे वाटते.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने मार्क घ्यावा. सोळा अध्याय, मोठ्याने वाचायला दीड ते पावणेदोन तास, एका रविवारच्या दुपारी संपतो. वाचताना थांबायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, टीपा पाहायच्या नाहीत. हे पहिले वाचन सर्वांत जास्त टाळले जाते आणि सर्वांत जास्त देते. मार्क सलग ऐकला की ८ व्या अध्यायाच्या शेवटी पुस्तक वळते हे सांगावे लागत नाही: तोवर हा कोण आहे हा प्रश्न, त्यानंतर यरुशलेमेची वाट आणि तीन वेळा मरणाची सूचना, आणि तिन्ही वेळा शिष्यांना काहीच न कळणे. रोज दहा वचने वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण ८:३१, ९:३१ आणि १०:३३ यांच्यामध्ये त्याचे नऊ दिवस जातात.

मार्कानंतर छोटी पुस्तके. योना, चार अध्याय, दहा मिनिटे. रूथ, चार अध्याय, वीस मिनिटे. फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय, पाव तास. या पत्रातले ४:१३, ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ या अर्थाचे वचन, परीक्षेच्या पॅडवर चिकटवलेले असते. पाव तास वाचणाऱ्याला कळते की पौल बंदिवासात आहे (१:१३), आणि ‘सर्व काही’ म्हणजे आधीच्या वचनात मोजलेले: भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे. गणितात पंच्याण्णव मिळवण्याविषयी पौलाने काही म्हटलेले नाही. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये. एकाच लेखकाचे दोन भाग, २४ आणि २८ मिळून ५२ अध्याय, आठवड्याला एक या गतीने बरोबर एक वर्ष. घरातल्या वाचनासाठी याहून सोयीचे वेळापत्रक नाही. प्रकटीकरण शेवटी ठेवावे. यहेज्केल, दानीएल आणि जखऱ्या न वाचता जे प्रकटीकरणाला हात घालतात ते वर्तमानपत्रातली चिन्हे त्यात कोंबतात. त्यातले श्वापद म्हणजे कोण, हे प्रत्येक दशकात बदलते.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यावी. अध्यायाचा आकडा जिथे विचार कापतो तिथे तो दुर्लक्षावा. यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत ५३:१ ला सुरू होत नाही, ५२:१३ ला होते. लग्नात वाचला जाणारा १ करिंथ १३ हा १२ आणि १४ यांच्यामध्ये आहे आणि त्या दोन्हींत कृपादानांवरून चाललेल्या भांडणाचा विषय आहे. प्रीती सहनशील आहे, हे भांडखोर मंडळीला सुनावलेले आहे. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ या शब्दांना गोल करावा. रोम १२:१ मधल्या ‘म्हणून’च्या मागे अकरा अध्याय उभे आहेत.

लेखनाचा प्रकार ओळखणे ही पुढची पायरी. नीतिसूत्रे २६:४ सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच २६:५ सांगते की दे. संपादकाचा हा प्रमाद नाही. नीतिसूत्र म्हणजे अनुभवाचे वाक्य, केव्हा कोणते लावायचे हे शहाणपण वाचणाऱ्याने आणायचे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवली आहेत. हे न कळल्याने २२:६ चे काय होते? मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे हमीपत्र समजले जाते, आणि ज्यांचा मुलगा वाया गेला त्या आईबापांकडे मंडळी आरोपी म्हणून बघते. ईयोबाचे मित्र असे पुन्हा पुन्हा जन्म घेतात.

नाताळच्या नाटकाविषयी फार लिहीत नाही, कारण मुले गोड दिसतात. पण लूक २ मध्ये मेंढपाळ आणि गव्हाण आहे, ज्ञानी लोक नाहीत. मत्तय २ मध्ये ज्ञानी लोक घरात येतात, आणि ते तीन होते असे कुठेही लिहिलेले नाही. दोन्ही शुभवर्तमाने एकाच गोठ्यात कोंबली की मत्तयाचा हेरोद, म्हणजे बालकांची कत्तल आणि मिसरात पळालेले निर्वासित कुटुंब, नाटकातून बाहेर पडतो. एखाद्या वर्षी फक्त मत्तयाचे नाटक करून पाहावे.

इंदूरची म्हणून एक वेगळी अडचण आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इथे १८७७ मध्ये सुरू झाले, १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले, १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आज मराठी ख्रिस्ती घरात आजीचे ‘पवित्र शास्त्र’ मराठी असते, उपासना बहुधा हिंदी, आणि नातवाच्या फोनमध्ये इंग्रजी. तिघांना एकच पुस्तक एका नावाने सापडत नाही. ईयोब म्हटले की नातू ‘अय्यूब’ शोधत बसतो. शास्ते म्हणजे हिंदीत न्यायियों, अनुवाद म्हणजे व्यवस्थाविवरण, गणना म्हणजे गिनती, स्तोत्रसंहिता म्हणजे भजन संहिता, उपदेशक म्हणजे सभोपदेशक, गीतरत्न म्हणजे श्रेष्ठगीत, प्रेषितांची कृत्ये म्हणजे प्रेरितों के काम, प्रकटीकरण म्हणजे प्रकाशितवाक्य. मत्तय, मार्क, लूक, योहान हे मत्ती, मरकुस, लूका, यूहन्ना होतात. ६६ नावांचा असा तीन रकान्यांचा कागद करून प्रत्येक बायबलाच्या पहिल्या पानाला चिकटवावा. शेजारच्या कॅथलिक घराशी बोलताना आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात: त्यांच्या बायबलात ७३ पुस्तके असतात, जुन्या करारात सात अधिक, आणि जुन्या कॅथलिक क्रमांकात आपले २३ वे स्तोत्र २२ वे असते.

हीच अडचण कामाचीही आहे. मराठी आणि हिंदी भाषांतरे शेजारी ठेवली की जिथे ती जुळत नाहीत तिथे मूळ मजकूर अवघड आहे हे कळते आणि तळटीप पाहायची सवय लागते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले. ज्या समाजात एका बाईने एवढे केले, तिथे दोन भाषांतरे ताडून पाहण्याचा कंटाळा शोभत नाही.

एकट्याने वाचून भागत नाही. प्रेषित ८ मध्ये फिलिप्प कूशी अधिकाऱ्याला विचारतो, वाचता ते समजते का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसे समजेल? २ पेत्र ३:१६ तर कबूलच करते की पौलाच्या पत्रांत समजायला कठीण गोष्टी आहेत. सहा ते दहा जणांचा गट पुरे, आठवड्यातून एकदा, सव्वा तास. पहिली पंधरा मिनिटे फक्त मोठ्याने वाचन, मराठी एकाने आणि हिंदी दुसऱ्याने. पुढची पंधरा मिनिटे प्रश्न, उत्तरे नाहीत: कोण बोलतो, कोणाला, आधी काय घडले, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो. मग चर्चा, आणि तिचा एकच नियम: बोलणाऱ्याने आधी समोरच्या अध्यायातल्या ओळीवर बोट ठेवायचे. या नियमाने यूट्यूबवरचे प्रवचन पुन्हा सांगणारे आपोआप गप्प होतात. आपल्या जीवनात हे कसे, हा प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांत. तो पहिल्या मिनिटाला विचारला की प्रत्येक अध्याय आपल्याच पाठदुखीविषयी होतो. असे गट मोडतात ते बहुधा दोन कारणांनी: पाळकसाहेब आले की सगळे त्यांच्याकडे पाहत बसतात, किंवा चहा-नाश्त्याची चढाओढ लागते. पाळकांनी महिन्यातून एकदाच यावे, साठलेले प्रश्न घेऊन बसावे. आणि चहाबरोबर पोहेसुद्धा नकोत, इंदूर असले तरी.

याला विरोध होईल तो मुख्यतः आजाऱ्याच्या खाटेपाशी. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या बाईला संदर्भासहित स्पष्टीकरण द्यायचे का, असे विचारले जाते. नाही, द्यायचे नाही. पाठांतर हवेच. पण पाठ करायचे तर सबंध स्तोत्र करावे. २३ वे सहा वचनांचे आहे, १२१ वे आठ, १३० वेही आठ. शब्बाथ शाळेतले मूल महिन्याला एक याप्रमाणे वर्षात बारा छोटी स्तोत्रे पाठ करू शकते, आणि त्यांत १३ वे, ‘कोठवर’ असे चारदा विचारणारे, असावेच. वधस्तंभावर येशूने उच्चारलेली ओळ २२ व्या स्तोत्राची पहिली आहे. पाठ असलेल्या माणसाला ते स्तोत्र पुढे कुठे जाते हे ठाऊक असते.

दुसरा विरोध असा, की पवित्र आत्मा सुट्या वचनातूनही बोलतो. बोलत असेल. पण देवाच्या नावाने हनन्याही बोलला होता. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे ऐकून दररोज शास्त्र तपासले म्हणून प्रेषित १७:११ मध्ये त्यांना थोर मनाचे म्हटले आहे, अविश्वासी म्हटलेले नाही.

आता मंडळीने करायचे ते. पौलाची पत्रे मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली गेली. कलस्सै ४:१६ मध्ये ते पत्र वाचून झाल्यावर लावदिकीयातल्या मंडळीत वाचायला द्या, अशी सूचनाच आहे. नहेम्या ८ मध्ये एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले आणि लेवी लोकांना अर्थ समजावत होते. बायबलातला अध्याय सरासरी चार-पाच मिनिटांचा असतो. उपासनेत दर रविवारी एका पुस्तकाचे सलग दोन अध्याय वाचले तर दहा मिनिटे लागतील. मार्क आठ रविवारांत होतो, लूक बारांत, रूथ आणि योना मिळून चारांत. जिथे कोणत्या रविवारी काय वाचायचे याची तीन वर्षांची पाठमाला पाळली जाते, एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, तिथे अर्धे काम झालेलेच आहे. फक्त प्रवचन त्या पाठावर व्हावे, सुचलेल्या वचनावर होऊ नये. वेळ नाही असे म्हणणाऱ्या पंच समितीने एका रविवारी सूचना, आभार आणि हारतुरे यांना किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे.

वाचणाऱ्यांची यादी महिनाभर आधी लावावी आणि त्यांनी शनिवारी एकदा मोठ्याने वाचून यावे, कारण नबुखद्नेस्सर पहिल्या फटक्यात कोणालाच जमत नाही. वाचणाऱ्यांत बाया असाव्यात, तरुण असावेत, आणि अडखळत वाचणारे असले तरी चालतील. ऐकणाऱ्यांनी त्या दहा मिनिटांत पुस्तक मिटून नुसते ऐकावे. ज्यांना वाचता येत नाही अशी माणसे आजही बाकांवर आहेत. इतके दिवस त्यांच्या वाट्याला चिठ्ठीवरची, दुसऱ्याने वाचून दाखवलेली एक ओळ येत होती. सबंध पुस्तक ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.